धूर निंगाला त्या दिवशीचा फोटू

दादा गेला त्या दिवशी सकाळी त्यानं दुकानाच्या काचेतले सगळे फोटू काढून घेतले. सगळे म्हणजे गेलेल्याइचे. तक्क्याले टेकवून बसवेल, गळ्यात हार, कपाळावर गंध, कोणाचे डोळे अर्धे उघडे राह्यलेले. एकाएकाले त्यानं फडक्यानं पुसलं अन् पेटीत निजवलं. मंग त्या रिकाम्या काचेत एकच फोटू लावला अन् रस्ता ओलांडून पलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभा राह्यला.

तथूनच ओरडला, "रुख्मे, वाकडा तं नाई लागला वं?"

म्या म्हटलं, "फोटू बराबर हाये. तूच वाकडा उभा हायेस."

तो हासला. हासला का त्याच्या पडेल दाढेची जागा दिसे, थेट आमच्या मायेवानी.

दुपारपर्यंत दुकानापुढं माणसं जमा झाली. आमच्या दुकानापुढं! जथून लोकं पोट्ट्याचा हात धरून पलीकडच्या अंगानं जायेत, तथी आज काचेले नाक लावून पाहून राह्यले होते. रस्त्यानं जाणारे गाडीवान, रुईच्या दलालीतले लोकं, भाजीवाल्या बाया. "हे तं मानोऱ्याच्या वाटेवरची कापसाची जिन होय." "धूर पाहाय ना गा, धूर!" "अन् हे रामी. कशी दात काढून राह्यली पाहाय."

दादा आत बसेल होता, भिंतीले पाठ लावून. आतून पाह्यलं का सगळी तोंडं इकडंच. मले म्हणे, "रुख्मे, पाहाय. समदे जिते हायेत." मंग म्हणे, "घोटभर चहा कर. गोड कर."

म्या मांगं जाऊन चहा ठेवला. घेऊन आली तं तो तसाच बसेल, डोळे काचेकडं. म्या म्हटलं, दादा, चहा. दुसऱ्यांदा म्हटलं. लोकं तं अजून बाहेरून पाहतच होते, त्याइले काई ठाऊक नाई.

इंद्रभान माहा मोठा भाऊ. मी कमी वयात रांडवली अन् त्याच्याकडंच राह्यली. आमच्या बापाचं वावर होतं, पर दादाचं मन वावरात नोतं. अकोल्याले एका फोटूवाल्याकडं चार साल राह्यला, तवा फोटू काचेवर उमटे, त्या काचा धुतल्या, झाडझूड केली, तसा शिकला. तथून एक जुना केमेरा घेऊन आला. लाकडाचा डब्बा, तीन पायाइची घोडी अन् काळा कपडा. कारंज्यात दुकान मांडलं.

पहिला फोटू काढला तो आमच्या मामाचा, उकंडरावाचा. मामा चांगला धडधाकट. पटका बांधून, मिशी पिळून खुर्चीवर बसला. फोटू असा निंगाला का गावभर फिरला. अन् पंधरवड्यात मामा पोटात दुखून मेला. आता पोटात दुखाले फोटू काय करन? पर लोकाइनं दोन गोठी जोडल्या. इंद्रभाननं डब्यात जीव वढून घेतला म्हणे. मंग जितं माणूस कोणी येत नाई. येत तं मेलेल्या घरचे. "चाल बापू, आता त्याच्यात जीव राह्यला नाई, आता काढ." दादा जाये. मेलेल्याले आंघोळ घातली का तक्क्याले टेकवून बसवत, अन् मंग दादा काढे. मेल्याइचा फोटूवाला, हेच त्याचं नाव पडलं.

फूलचंद शेठ आमच्या दुकानापुढून जातांनी तोंडावर छत्री घे. ऊन नसलं तरी घे. दादा हाक मारे, "शेठजी, छत्रीचा फोटू काढू काय?" शेठजी आणखी पटपट चाले. हासाची गोठ होती, अन् नोती बी. दादाले पोरगी सांगून येईच ना. ज्याच्या घरात मेल्याइच्या काचा ठेवेल, त्याच्या घरात कोण पोरगी देईल? म्या दोन-तीन ठिकाणी शब्द टाकून पाह्यला. मंग त्यानंच मले म्हटलं, "राहू दे वं. मले बायको नाई भेटली तं चालन. एक जितं माणूस माह्या डब्याकडं पाहून हासलं पाह्यजे, बस. एक." त्याले तेच पाह्यजे होतं. दुसरं काई त्यानं कधी मांगतलं नाई.

दुसरी मोठी लढाई लागाच्या आधीची गोठ सांगते. कापसाचा भाव बसला होता. शेठ लोकाइनं आपसात ठरवलं म्हणत, का इतक्या जिना, म्हणजे कापसातली सरकी काढाचे कारखाने, चालवाच्या अन् बाकीच्या बंद ठेवाच्या. चालू असणाऱ्यानं बंदवाल्याले हिस्सा द्याचा. मालकाचं भागलं. पर जिनीत रेच्यावर, सरकी काढाच्या यंत्रावर, बसणाऱ्या बायाइचं काय, रुई दाबणाऱ्या माणसाइचं काय, ते कोणी इचारलं नाई. आमच्या आजूबाजूच्या कितीक जिना अशा उभ्याच्या उभ्या निजल्या.

आमचं सगळं जिनीवर होतं हो. पहिला भोंगा झाला का उठाचं. दुसऱ्याले चूल पेटवाची. दुपारचा भोंगा झाला का माय म्हणे, जेवा रे. आमच्या घरात घड्याळ नोतं, कोणाच्याच नोतं. हिवाळ्यात रस्त्यानं कापसाच्या गाड्या, बैलाइच्या गळ्यातल्या घंट्या, अन् हवेत रुई उडे. बोरीच्या काट्याले रुई लागून झाडं पांढरे दिसत. ते बंद झालं तं पहिल्यांदा आमाले झोपच मोडेना.

असे काई साल गेले. मंग एक दिवस दादा म्हणे, "जितं माणूस येत नाई तं नको येऊ दे. मी जिनीचे फोटू काढतो. ते काई तोंड फिरवत नाई, छत्री घेत नाई, हालत बी नाई."

म्या म्हटलं, "येडा झाला काय? पैसे कोण देईल?"

"कोणी नाई. चालतं का?"

मी कायले नाई म्हणीन. आमच्या चुलत्याची रेंगी, बैलाची लहान गाडी, मांगून घेतली, काचाइची पेटी गोधडीत गुंडाळली, अन् निंगालो. दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत, मेल्याइच्या कामातून सवड भेटली का आमी कोठं ना कोठं जाऊ. पहिले कारंज्यातल्याच, छोट्या गाडीच्या रुळाकडच्या. मंग धनजकडं. मंग मानोऱ्याच्या वाटेनं.

बंद जिन कशी असते ते आत गेल्याशिवाय समजत नाई. रेचे रांगेनं उभे, जशे जेवाले बसलेले लोकं वाढप्याची वाट पाहून राह्यले. त्याइच्यातले चामड्याचे गोल लाट्ये उंदरानं कुरतडलेले. वजनकाट्याच्या पारड्यात गवत उगवेल. जाळे तं असे, का कोळ्याचं कोणतं अन् रुईचं कोणतं ते समजे ना. वरच्या पत्र्याले भोकं, त्यातून उन्हाच्या काड्या खाली येत, अन् कबुतर उडालं का त्या काड्याइत धूळ सोन्यावानी चमके. दादा डब्ब्यावर काळा कपडा घे, आत डोकं घाले, मंग बाहेर येऊन डोळ्यावरची टोपी काढे, डब्ब्याच्या डोळ्यावरची म्हणते मी, अन् तोंडातल्या तोंडात मोजत राहे. अंधारात लय येळ मोजा लागे. मी श्वास धरून उभी राहो. कायले, ते मले बी ठाऊक नाई.

धनजच्या जिनीत त्यानं मले वर पाहाले सांगतलं. लाकडी वाशाले दोऱ्याचे तुकडे बांधेल होते, ओळीनं. म्या इचारलं, हे काय गा?

"झोळ्या. बाया पोट्टे झोळीत टाकत अन् रेच्यावर बसत. एका पायानं झोका देत, हातानं कापूस सारत." मंग तो त्या दोऱ्याइचाच फोटू काढत राह्यला. खाली झोळी नाई, पोट्टं नाई, नुसते दोरे. तो फोटू मले लय आवडे.

मानोऱ्याच्या वाटेवरच्या जिनीत मातर आमाले फाटकावरच अडवलं. तथी गोविंदसिंग राहे. जिन चालू होती तवा बाइलरचा आगवाला, आता राखणदार. म्हतारा झाला होता, पर मिशी काळी करे. आतली जिन त्यानं अशी ठेवली होती का पाहात राहावं. रेच्याइले तेल, फरशी झाडेल, दसऱ्याचे झेंडूचे हार सुकून तसेच लटकेल.

दादाचा डब्बा पाह्यला अन् त्यानं फाटकाले साखळी लावली.

"तू इंद्रभान ना? मेल्याइचे फोटू काढतं तोच?"

"हो."

"मंग जाय. माही जिन मेली नाई. निजेल हाये."

दादा म्हणे, "ठाकूर, बाकीच्या बी निजेलच हायेत. त्याइचे काढले."

"त्याइचं त्याइले पाहू दे. तू इचा काढला का शेठ म्हणन, चला, इंद्रभाननं फोटू काढला म्हणजे गेली. भंगारवाले उद्या दारात येतीन." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "बाई, तुमी पाणी प्या. याले नाई देणार."

दादा चार-पाच खेपा गेला. दरवेळी गोविंदसिंग मले पाणी दे, दादाले नाई. मंग मीच माह्यातलं अर्धं दादाले देओ, तवा तो म्हतारा तोंड फिरवून हासे. शेवटी पाऊसपाणी सरल्यावर, दिवाळी झाल्या झाल्या, त्यानं स्वताच तोड काढली.

"धुराड्यातून धूर निंगून राह्यला असा काढ. मंग कोणी मेली म्हणणार नाई. आग मी लावतो."

दादा तं पोट्ट्यावानी नाचला. दोघाइनं मिळून इहिरीतून पाणी वढलं अन् कावडीनं बाइलरात नेलं. गोविंदसिंग म्हणे, पाण्याबिगर बाइलरखाली काडी बी लावाची नाई, धूर पाह्यजे असला तरी नाई. खांदे सोलून निंगाले दोघाइचे. मंग कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, वाळकं लाकूड, अन् धूर दाट याले पाह्यजे म्हणून थोड्या वल्या पऱ्हाट्या. दुपार कलली तवा त्या धुराड्यातून पहिला धूर वर गेला. काळा, जाडा, सरळ. दादानं एक फोटू काढला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, म्हणे धूर गेला. धूर तं वर जाऊन राह्यला होता.

ठरलं होतं ते एवढंच. पर बाइलरात वाफ धरली अन् त्या म्हताऱ्याचा हात राह्यला नाई. त्यानं भोंगा वढला.

पहिले नुसता खोकला आला, गंजलेला. मंग एकदम तो आवाज. इतक्या सालानं. मले वाटलं माय आता म्हणन, जेवा रे.

तथून तांडा जवळ होता. जिन बंद झाल्यापासून तांड्यातले लोकं दिवाळी झाली का दूर जात, कोणी ऊस तोडाले, कोणी खदानीवर. त्या सालीही त्याइच्या गाड्या जुपेल होत्या, पोट्टे गाडीत बसेल होते. भोंगा आयकला, धूर पाह्यला, अन् बैल सोडले. धावत आले हो सगळे. एकीच्या हाताले पीठ तसंच. एकीच्या खांद्यावर झोळीचा दोर. सगळ्याइच्या पुढं रामीबाई, तिच्या मांगं तिची पोरगी चंदा, मंग सोमला अन् बाकीची माणसं.

रामीबाई तथूनच ओरडली, "ठाकूर, कवापासून चालू? हजरी कोण घेते?"

गोविंदसिंग आत भट्टीपाशी. बाहेर आमी दोघं अन् डब्बा. त्याइनं डब्बा पाह्यला अन् त्याइले वाटलं, आता हजरी फोटूनंच घेत असतीन. कोणी सांगतलं नाई, रांग आपोआप लागली. जशे हजरीले उभे राहात तशे, बाया एकीकडं, माणसं एकीकडं. डोक्यावरचे पदर सारखे केले. सोमलानं पटका सोडून पुन्हा बांधला. रामीबाई दादाले म्हणे, "बापू, माहा चांगला काढजो. शेठाले वाटलं पाह्यजे बाई अजून ताकदीची हाये." अन् हासली. तिच्या मांगून सगळेच हासले.

दादानं माह्याकडं पाह्यलं. त्याले सांगाचं होतं, मले दिसलं ते. त्याचं तोंड उघडलं होतं. पर समोर एवढी जिती माणसं उभी, त्याच्याच डब्ब्याकडं पाहून हासून राह्यलेली. हात वर केला, टोपी काढली, मोजलं, टोपी लावली.

मंग त्यानं सांगतलं. जिन चालू नाई. धूर फोटूसाठी होता.

मंग सोमला पुढं आला. "मंग भोंगा कायले वाजवला गा? चेष्टा करून राह्यला काय आमची? गाड्या सोडल्या आमी."

गोविंदसिंग बाहेर आला, म्हणे भोंगा म्या वढला, चूक माही. त्याचंही कोणी आयकलं नाई. बाया पदरानं तोंड पुसत मांगं फिरल्या. धूर मातर अजून निंगतच होता, ते लय खराब दिसे.

घरी येऊन दादानं काच धुतली. लाल कंदिलापुढं धरली अन् म्हणे, "हात्! सावली आली." ऊन आमच्या पाठीवर होतं ना, त्यामुळं रांगेच्या पुढं जमिनीवर त्याची अन् डब्ब्याची सावली पडेल, हात वर केलेली. "शिकाऊ पोट्टं बी अशी चूक करत नाई." काच फडक्यात गुंडाळून त्यानं खाली सारली. तेवढीच एक काच छापली नाई. त्याच्यानंतर तो कोणत्याच जिनीत गेला नाई. ज्या हासण्यासाठी जलमभर वाट पाह्यली ते भेटलं, अन् त्याले ते पाहावे ना. म्या एकदा म्हटलं, छाप ना तो. म्हणे, "ते माह्याकडं पाहून नाई हासले वं. कामाकडं पाहून हासले."

मंग लढाई आली. कितीक साल तसेच गेले. गोविंदसिंग वारला, त्याच्या मरणाले बी दादाच गेला फोटू काढाले. जिनीचं लोखंड लढाईत इकल्या गेलं. धुराडं तेवढं राह्यलं.

लढाई सरली त्या साली, बाजाराच्या दिवशी, एक म्हतारी आमच्या दुकानात सरळ आत आली. आत यायची कोणाची छाती नोती. हातात काठी, पदरात मिरच्या.

"फोटूवाला तूच ना? माहा फोटू कुठी हाये?"

दादानं ओळखलं. उठून उभा राह्यला. "रामीबाई, मी तुमाले फशिवलं त्या दिवशी. कोणत्या तोंडानं देऊ?"

"फशिवलं ते फशिवलं. ते म्या ठाकूरले तवाच शिव्या देऊन वसूल केलं. पर फोटू तं दे बापा! लाइनीत उभी राह्यली, पदर घेतला, हासली, सगळं केलं. अन् एवढ्या सालात पाह्यला बी नाई कशी दिसो ते. आता मरून राह्यली मी."

"लोकं म्हणतात मी काढला का माणूस मरते."

"मेली काय मी? पाहाय ना." अन् तिनं काठी आपटली. "आमच्यातलं कोणीच नाई मेलं अजून त्याच्यानं. सोमला तं दुसरं लगन करून बसला."

दादा इतका हासला का त्याले खोकला आला. म्हणे, पुढच्या बाजाराले या, काचेत लावून ठेवतो, पहिले तुमी पाहा अन् मंग घेऊन जा. त्याच आठवड्यात त्यानं तो फोटू छापला, मोठ्या कागदावर. मंग दुकानाच्या काचेतले मेलेले काढून पेटीत निजवले. पुढचं म्या सांगतलंच.

रामीबाई बाजाराले आली तवा दुकानाले कुलूप होतं. बाहेरूनच काचेतला फोटू पाहून गेली म्हणत.

दादाले आंघोळ घालून बसवलं तवा चुलता म्हणे, फोटू काढाले कोणाले बोलवाचं? ते काम करणारा तं तोच होता. तसाच नेला त्याले. घरात त्याचा एक बी फोटू नाई. सगळ्या मुलखाच्या मेल्याइचे हायेत, त्याचा नाई.

दुसऱ्या साली होळीनंतर चंदाबाई आली, रामीबाईची पोरगी. आता तिचीच पोट्टी मोठी झालेली. माय गेली म्हणे. हातात झेंडूचा हार, पुडीत कुंकू. म्या काचेतून फोटू काढून तिच्यापुढं ठेवला, चौकट अन् काच लावेल होती त्याले.

तिनं हार घ्याले हात वर केला अन् थांबली. "हे कसं कराचं वं माय? हार घातला तं आमच्यावर बी पडते. मी जिती हावो. सोमलाकाका जिता हाये."

म्या म्हटलं, "कापून देऊ काय तुह्या मायेपुरता?"

"नोको. तुटन सगळं."

मंग तिनं हार बाजूले ठेवला. पुडी सोडली, कुंकवात पाणी घालून बोट वलं केलं, अन् काचेवरूनच मायेच्या कपाळाले हळूच लावलं. बाजूवालीले लागू नये म्हणून पदराच्या टोकानं कडा पुसली. मंग वाकून पाहाले लागली.

"हे खाली काळं काय हाये वं? हात वर करून उभं?"

म्या म्हटलं, "दादा. सावली हाये त्याची."

चंदाबाईनं एकदा माह्याकडं पाह्यलं. तिच्या बोटाले कुंकू अजून होतं. तिनं त्या सावलीच्या डोक्यापाशी ते टेकवलं, अन् बाकीचं आपल्या लुगड्याले पुसलं.